बोटीखालच्या गोगलगायी

माझ्या सुनेला हल्ली माझी हाक ऐकू येत नाही. कान चांगले शाबूत आहेत. त्या बाईने खडकावरून नुसतं "अगं ए" म्हटलं, की चप्पल न घालता पळते. मी मात्र दारात उभी राहून घसा कोरडा करायचा आणि ऐकायचं काय, तर "आले हं, आई." येते कुठली!

ती बाई म्हणजे गोगलगायवाली. तिला नाव आहे, पण ते मी तोंडाला लावून घेणार नाही. कुठून तरी खूप शिकून आली, बंदराजवळ खोली भाड्याने घेतली, आणि ओहोटी लागली की गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून आमच्या आवाराखालच्या खडकांवर गोगलगायी वेचत फिरते. समुद्रातल्या, शंखातल्या, अंगठ्याएवढ्या.

आमचं आवार बोटी दुरुस्तीचं. बोट उतारावर ओढायची, तळाला चिकटलेले शिंपले आणि जुना रंग खरवडायचा, नवा रंग द्यायचा. नवरा गेल्यावर सगळं मीच चालवलं. बाईला मिशी तेवढी फुटायची राहिली, असं गडी पाठीमागे म्हणत. मी त्यांना समोर येऊन म्हणायला लावायची. माझा नियम एकच. दिवस मावळायच्या आत उतार लखलखीत. सगळा कचरा झाडून खाली लोटायचा, भरती येते आणि घेऊन जाते. शेजारच्या आवारात राड तुडवत जावं लागतं. माझ्या उतारावर ताट मांडून जेवावं.

मुलगा जहाजावर असतो, वर्षातून एकदा येतो. घरात मी आणि सून. काम आटोपलं की दोघी पायरीवर बसून गड्यांच्या नकला करायचो. ती माझी नक्कल माझ्यासमोर करायची आणि मी ती चालवून घ्यायची. पोटच्या पोराचंही मी एवढं चालवलेलं नाही. आता पायरीवर मी एकटी आणि ही त्या खोलीत. आधी तिथून हसण्याचे आवाज यायचे. मग तेही थांबले, नुसती कुजबुज. हसणं परवडलं म्हणायची वेळ आली. त्यात गड्यांनी कानावर घातलं, की गोगलगायवालीला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी आहे, शहरात.

काल मी गेलेच. दार ढकललं तर सून पकडीने शंख फोडत बसलेली. माझ्या आवारातली पकड!

"या ना काकू, बसा," गोगलगायवाली म्हणाली.

"बसायला माझी पायरी आहे मला. काय चाललंय ते दाखवा."

सुनेने भिंगाखाली बशी सरकवली. मी डोळा लावला. मांसाचा ओला गोळा, आणि त्यातून वळून वर आलेलं काहीतरी, करंगळीच्या टोकासारखं.

"ही मादी आहे, आई. आणि ते नराचं इंद्रिय. मादीच्या अंगावर उगवलंय."

"मग? मलाही सगळे बाप्याच म्हणतात. मला कुणी बशीत नाही घातलं ते!"

गोगलगायवाली हसली. सून हसली नाही. हे मी लक्षात ठेवलं.

"त्याने अंडी बाहेर यायची वाटच बुजते," सून म्हणाली. "अंडी आत साठून मादी मरते. किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला माद्या धडधाकट आहेत. आपल्या इथे पिल्लू म्हणून सापडत नाही."

"कशाने?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्यासमोर, मला वगळून! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोटींना पूर्वी कथलाचं औषध घातलेला रंग देत," गोगलगायवाली म्हणाली. "शिंपले चिकटू नयेत म्हणून. तो कणभर पाण्यात उतरला तरी असं होतं."

"तो रंग बंद होऊन जमाना झाला. माझ्याकडे त्याचा डबा सापडला तर पिऊन दाखवते."

"डब्यात नाही, आई." सून हातातल्या शंखाशी चाळा करत होती. "जुन्या बोटींच्या तळाला, वरच्या रंगांच्या खाली तो अजून आहे. आपण तो खरवडतो. आणि संध्याकाळी झाडून खाली लोटतो."

लग्न होऊन आली तेव्हा उतारावर झाडू कसा धरायचा, ते मीच तिला शिकवलं होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"झाले काही दिवस. तुमचा जीव आहे त्या उतारावर. म्हणून या ताईंना म्हटलं, बंदराच्या कचेरीत कळवायच्या आधी मला घरी सांगू द्या. रोज पायरीपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे."

"आणि ते शहरात जायचं?"

"विचारलंय यांनी. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"आता लोटणं थांबवलं, तर पिल्लं कधी दिसतील?"

"वर्षं लागतील, काकू," गोगलगायवाली म्हणाली. "गाळात मुरलंय ते."

मी सुनेच्या हातातून माझी पकड काढून घेतली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"ऐक. उद्यापासून बोटीखाली ताडपत्री, आणि खपली न् खपली पोत्यात. ती पोती कुठे टाकायची ते कचेरीत जाऊन मी विचारीन. ते माझं मी निस्तरते. तुझा गुन्हा वेगळा आहे. घरातली गोष्ट तू परक्या बाईशी आधी बोललीस आणि मला शेवटी सांगितलीस. त्याची शिक्षा ही, की खाली पहिलं पिल्लू दिसेपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस. गोगलगायी मोजायच्या त्या पायरीवर, माझ्या शेजारी बसून. आणि हिला बघायचं असेल तर हिनेही यावं. बसेल खालच्या पायरीवर."