टिक, टक आणि टप

स्नूकर खेळणारा माणूस हरला, की आधी टिपवर खापर फोडतो. क्यूच्या निमुळत्या टोकाला, पितळी टोपीवर, करंगळीच्या नखाएवढी चामड्याची एक चकती चिकटवलेली असते, ती टिप. चेंडूला शिवते ती एवढीच. बाकीची पावणेपाच फूट काठी म्हणजे तिच्या मागचा लवाजमा. सव्वीस वर्षं मी या टिपा बदलतोय आणि सव्वीस वर्षं तीच रडगाणी ऐकतोय. कडक आहे, मऊ आहे, घसरते. मी सगळं ऐकून घेतो आणि शांतपणे विचारतो, "आणि हात?" बहुतेकांची बोलती तिथेच बंद होते. या प्रश्नाचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

माझं दुकान क्लबच्या जिन्याखाली आहे. दुकान म्हणजे एक बाक, एक दिवा, पॉलिश पेपरच्या पट्ट्या, गोंद आणि स्नूकरच्या जुन्या टेबलातून निघालेला काळ्या दगडाचा एक तुकडा. या दगडावर माझा सगळा कारभार. टिपांच्या पाकिटांवर कडक, मध्यम, मऊ असं छापलेलं असतं, पण चामडं छापील गोष्टी वाचत नाही. एकाच पाकिटातल्या दोन टिपा सख्ख्या जावांसारख्या निघतात, दिसायला एका घरातल्या आणि स्वभावाने उत्तर-दक्षिण. म्हणून प्रत्येक टिप मी वीतभर उंचीवरून दगडावर टाकतो आणि ऐकतो. कडक असेल तर ती टिक म्हणते, मध्यम असेल तर टक आणि मऊ असेल तर टप. तीन आवाज, तीन डबे. काही कारागीर नख दाबून बघतात. मऊ टिपवर खोल खूण उमटते, मध्यमवर पुसट, कडक टिपवर काहीच नाही. त्यांना मी हसायचो. माझे कान तिखट होते.

सूनबाईची आणि माझी ओळख तिच्या आणि आमच्या मुलाच्या ओळखीच्याही आधीची. आधी ती गिऱ्हाईक होती, मग सून झाली. तिच्या क्यूला पहिल्यापासून मीच टिप लावत आलो. लग्नानंतरही ती खेळत राहिली, आणि अशी खेळली की यंदा संघात तिची जागा जवळजवळ पक्की होती. संघात चार जागा. कोच मोजून बोलणारा माणूस, पण तोही म्हणाला होता, तीन नावं ठरायची आहेत, चौथं ठरलंय.

त्याच सुमारास तिची टिप झिजली म्हणून मी नवी बसवली. ती नेहमी मध्यमवर खेळते, म्हणून टकच्या डब्यातली. आठवड्याभराने ती दुकानात आली आणि जरा घुटमळत म्हणाली, टिप थोडी कडक वाटतेय का? पांढऱ्या चेंडूला खालून मारून तो मागे ओढायला गेलं की टिप निसटते. मी क्यू हातात घेतला, टिप दिव्याखाली धरली, टिप घसरू नये म्हणून लावतात तो खडू ती किती धरते ते पाहिलं, आणि माझा तो लाडका प्रश्न विचारला. दुसरं गिऱ्हाईक असतं तर चार शब्द सुनावून गेलं असतं. ती सून पडली. "बघते, बाबा," म्हणाली आणि गेली.

आणि खरंच बघत बसली. पकड बदलली. कोपर वर घेतलं, खाली घेतलं. पाय किती अंतरावर ठेवायचे यासाठी घरी फरशीवर खडूच्या रेघा ओढल्या. दोन सामने हरली. क्लबमध्ये कुणीतरी विचारलं तेव्हा मी कोचच्या देखत, चांगला मोठ्याने म्हणालो, "हिचा हात आखडलाय." सासरा म्हणतोय, शिवाय क्यूवाला म्हणतोय, म्हटल्यावर ते खरंच असणार. पुढच्या आठवड्यात कोचने चौथ्या जागेसाठी निवडीचा सामना जाहीर केला. समोर दुसरी एक तरणीताठी मुलगी, चांगली खेळणारी. सामना रविवारी.

त्याआधीच्या गुरुवारी पोस्टमास्तर आले. निवृत्त गृहस्थ, आवाज चढवणं त्यांना माहीत नाही. एकाच महिन्यात टिपची तक्रार घेऊन येण्याची त्यांची ही तिसरी खेप. माझा पारा चढला. मी ब्लेडने त्यांच्या क्यूची टिप उडवली, गोंद खरवडून काढला आणि ती त्यांच्यासमोर दगडावर टाकली.

"ऐका. टक."

 पोस्टमास्तर अगदी हळू म्हणाले, "मला टिक ऐकू आलं."

मी त्यांना विचारलं, तुम्ही पत्रंही कानानेच निवडत होतात का?  उघड्या टोकाचा क्यू पिशवीत घालून ते निघून गेले. टिप दगडावरच राहिली. ती डब्यात टाकायला उचलली आणि का कोण जाणे, नख दाबलं. खूण उमटली नाही. जोर लावून दाबलं, तरी नाही.

मग मी दार लोटून घेतलं आणि टकचा डबा बाकावर उपडा केला. त्यात चाळीस टिपा होत्या. सतरांवर नख उमटलं नाही. त्यातली एक आणि नख उमटणारी एक, अशा दोन घेतल्या, डोळे मिटले आणि आलटून पालटून दगडावर टाकल्या. दहा वेळा टाकल्या असतील. दोन्ही टक म्हणाल्या. टिकमधलं जे टोकदार होतं, ते माझ्या कानातून कधीच निघून गेलं होतं आणि जाताना मला सांगायचं विसरलं होतं. वर्षभर बायको म्हणत होती, तुम्ही ओरडून बोलता. मी म्हणायचो, तू पुटपुटतेस.

 खरं सांगायचं तर आधी सून आठवली नाही, आधी मी आठवलो. कान गेलेला क्यूवाला. क्लबमध्ये किती हसतील, कोण कोण म्हणेल की आम्ही तर सांगतच होतो. मग तिच्या फरशीवरच्या रेघा आठवल्या आणि मला स्वतःची लाज वाटली.

घरी ती सामन्याच्या जाकिटाला इस्त्री करत होती. तिचा क्यू दाराशी टेकवलेला होता; मी त्याच्या टिपवर नख दाबलं, खूण उमटली नाही. मी दारात उभा राहूनच सांगितलं. टिप कडक आहे, पहिल्या दिवसापासून कडक आहे, मला आता ऐकू येत नाही. उद्या मध्यम बसवून देतो, नखाने तपासून.

तिने इस्त्री उभी केली. मला वाटलं, असू द्या म्हणेल. लग्नाच्या चार वर्षांत ती मला उलटून एक शब्द बोलली नव्हती.

"सहा आठवडे मी माझ्या हातावर संशय घेतलाय, बाबा," ती म्हणाली. "हा हात माझा आहे की नाही, इथपर्यंत आले होते. मला रोज वाटायचं टिप कडक आहे. पण तुम्ही म्हणालात नाही, म्हणून मी माझंच खोटं मानलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता. मी पुन्हा म्हणालो की उद्या बदलून देतो. ती म्हणाली, नको. दोन दिवसांत हात परत बदलणार नाही, नवी टिप रुळणारही नाही. आहे तीच राहू दे.

"तुम्ही फक्त एक करा. जिथे सांगितलंत की हात आखडलाय, तिथेच सांगा की नव्हता आखडला."

मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं.

शनिवारी संध्याकाळी क्लबमध्ये गेलो. आठ-दहा जण होते, कोच होता, पोस्टमास्तर होते, कोपऱ्यातल्या टेबलावर सूनबाई सराव करत होती. मी मनाशी वाक्य जुळवून नेलं होतं. घसा खाकरला, सगळे बघायला लागले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हणालो, यंदा काही टिपा कडक निघाल्यात, मालच तसा आलाय, कुणाला शंका असेल त्याने क्यू आणून द्यावा, बदलून देतो. लोकांनी माना डोलावल्या. एकाने तर हल्ली कुठलाच माल पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून मला साथही दिली. मला अगदी हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच किळस आली. सूनबाईने वर बघितलं नाही. खडू लावला आणि पुढचा चेंडू मारला. टिप निसटली.

घरी ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. जेवायला वाढू का, म्हणाली. याच्यापेक्षा तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. बायकोने सगळं ताडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कान गेला ते समजू शकते. जीभ कुठे गेली?"

रविवारी सकाळी हॉल भरलेला होता. टेबलावरचं कापड नुकतंच ब्रश केलेलं, वरचे दिवे लागलेले. समोरची मुलगी आपल्या आईशेजारी बसून क्यू पुसत होती. सूनबाई उभीच होती. कोच तिच्याजवळ गेला आणि अगदी मायेने म्हणाला, "हात मोकळा ठेव हं. आज आखडू देऊ नकोस."

तिने मान हलवली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोललो असतो.

मी खुर्चीतून उठलो. "तिचा हात कधी आखडलाच नव्हता," मी म्हणालो. "टिप कडक होती. मी कडक टिप मध्यम म्हणून बसवली, आणि ती सांगत होती तर तिलाच खोटं पाडलं. मालबिल काही खराब नाही. माझा कान गेलाय. ज्यांनी ज्यांनी तक्रार केली, ते बरोबर होते. पोस्टमास्तर, तुम्ही बरोबर होतात."

मी किती मोठ्याने बोललो ते मला कळलं नाही, पण बाहेरच्या खोलीतली माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. उलट एक गंमत झाली. हॉलमधल्या प्रत्येकाने आपापला क्यू उचलला आणि टोक डोळ्यांजवळ नेलं. दोन-तीन जणांनी तिथेच नख दाबून बघितलं. सव्वीस वर्षांची पत माझ्या डोळ्यांसमोर अशी नखाने तपासली जात होती. पोस्टमास्तर मात्र क्यूकडे बघत नव्हते. त्यांनी बाजूच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला तिथे बसायची खूण केली.

मी बसण्याआधी सूनबाई माझ्यापर्यंत आली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिने मला टिपबद्दल सरळ विचारलं.

"कडक म्हणजे किती कडक, बाबा?"

"नख अजिबात उमटत नाही. मागे ओढायला जाऊच नकोस, निसटणारच. सरळ मारलीस तर मात्र तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. आणि खडू दर फटक्याला लाव."

"बरं," ती म्हणाली.

पाचपैकी तीन डाव जिंकायचे होते. पहिला ती हरली.  दुसऱ्या डावात निळा चेंडू भोकाच्या तोंडाशी होता. तो भोकात घालून पांढरा मागे ओढला की पुढचे सगळे चेंडू तिचे होते. ती वाकली, टिप चेंडूपाशी नेली, थांबली, आणि सरळ उभी राहिली. टेबलाला एक फेरी मारली. मग निळा साध्या सरळ फटक्याने घातला, पांढरा जिथे थांबला तिथून पुढचा अवघड चेंडू घेतला, आणि तोही गेला. तिथून पुढे ती चेंडू मागे ओढायला गेलीच नाही. जे या टिपने होणार नाही ते तिने मागितलं नाही, जे होईल ते पुरेपूर वसूल केलं. टिप तीच होती. हात तोच होता. फक्त आपल्या हातात काय आहे, हे तिला कुणीतरी खरं सांगितलं होतं.

दुसरा आणि तिसरा डाव तिने घेतला, चौथा समोरच्या मुलीने, आणि पाचवा शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला. तिने तो आत घातला तेव्हा मला आवाज आला नाही, लोक उठलेले दिसले. कोचने कागदावर चौथं नाव लिहिलं.

गर्दी पांगल्यावर ती क्यू घेऊन माझ्याकडे आली आणि बाकावर ठेवावा तसा माझ्या मांडीवर आडवा ठेवला. म्हणाली, आता मात्र ही टिप काढून टाका.

मी क्यू घेतला. तोंडावर आलेलं वाक्य नेहमीचंच होतं, की उद्या मध्यम बसवतो. ते मी गिळलं.

"कोणती बसवू?" मी विचारलं.

सव्वीस वर्षांत हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.  ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि मग मला सांगायला लागली.