ओच्या खालचं टिंब

मोशुनमोलाबाईंनी फोनवरच्या 'ओ'वर अंगठा दाबून धरला. तऱ्हेतऱ्हेच्या खुणांचे ओ रांगेनं वर आले. त्यांतला खाली टिंब असलेला त्यांनी निवडला, पुढच्या ओसाठी पुन्हा तेच केलं, आणि 'ओको', म्हणजे योरुबा भाषेतला 'नवरा', हा शब्द पुरा झाला.

बहिणीची मुलगी तिवालादे शेजारी बसून अकारा, चवळीची भजी, खात होती. तेलकट बोटं कागदाला पुसून तिनं फोनमध्ये डोकावलं.

"मावशी, हॅशटॅगमध्ये टिंब नको."

"का? टिंबाशिवाय नवरा होत नाही."

"टिंब देऊन शोधतं कोण? सगळे नुसतं ओको लिहितात."

"सगळे म्हणजे कोण? माझ्या हाताखालून गेलेले नसणार."

बाईंनी अबेओकुटाच्या शाळेत एकतीस वर्षं योरुबा शिकवली होती. खुणा गाळणाऱ्या पोरांचे त्या सरळ अर्धे गुण कापत. 'ओको' या एका शब्दावर खुणा कशा देता त्यावर त्याचा नवरा होतो, शेत होतं, गाडी होते, नाहीतर कुदळ. अर्थाचा अनर्थ करायला आमच्याकडे अक्षर बदलावं लागत नाही, एक टिंब पुसलं तरी पुरतं. हे वाक्य बाई दर वर्षी पहिल्या तासाला म्हणत, आणि पोरं दर वर्षी हसत.

घरात मात्र त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. नवरा अकान्बी शिंपी होता. कापडावर त्याचा हात कधी चुकला नाही, पण कागदावर त्यानं जन्मात टिंब दिलं नाही. बाईंच्या साठाव्या वाढदिवसाला त्यानं स्वतःच्या हातानं चार ओळींचं कार्ड लिहिलं आणि पाहुण्यांसमोर त्यांच्या हातात दिलं. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि तिथल्या तिथे नऊ चुका दाखवल्या. पाहुणे हसले, अकान्बीही हसला. चौथ्या दिवशी तो गळ्यातली मापाची टेप गुंडाळून खिशात घालून जो गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. फोन बंद. भाऊबंदांनाही पत्ता नाही. ते कार्ड बाईंच्या बायबलमध्ये होतं, लाल खुणांसकट.

ब्लॉगची कल्पना तिवाची. बाईंनी त्यावर नवऱ्याबद्दल अकरा लेख लिहिले, एकही खूण न चुकवता. वाचक नऊ, त्यांतल्या सहा वेळा तिवाच.

"मावशी, लिहून नुसतं घरात ठेवलं तर काका वाचणार कसे? एका लेखात दुसऱ्याची लिंक द्यायची. जिथे माणसं जमतात तिथे आपली लिंक टाकायची."

"म्हणजे बाजारात ओरडत फिरायचं."

"बाजारात नुसतं जाऊन बसायचं. ओरडायचं काम हॅशटॅग करतो."

बाईंना यातलं फारसं कळलं नाही. पण सहा वर्षांत दुसरं काही जमलं नव्हतं. त्यांनी टिंबं पुसली. पुसताना तोंड असं केलं की जणू कुणी त्यांच्याकडून चोरी करवून घेतंय. तिवानं बिनटिंबाचा 'ओको' हॅशटॅग लावून दहा ठिकाणी लिंक टाकली. तिच्याखाली लेखाची पहिली ओळ तेवढी दिसत होती: 'जुना झाला होता, पण माझाच होता.' योरुबात तो, ती, ते या सगळ्यांना एकच शब्द.

पुढच्या शनिवारी वाचक दोनशे चौदा झाले होते. बाईंनी चष्मा पुसून प्रतिक्रिया वाचायला घेतल्या.

"किती एकर आहे? जवळ पाणी आहे का?" ओशोग्बोहून कुणी विचारलं होतं.

"गिअरबॉक्स बदललाय का? भाव सांगा, फोटो टाका."

"माझीपण जुनीच होती, आजी. दांडा बदलला, आता नव्यासारखी चालते."

बाईंनी ते तीनदा वाचलं. "हा दांडा कुणाचा बदलतोय?"

तिवा हसता हसता खुर्चीवरून घसरली. बाई हसल्या नाहीत. त्या एकेकाला उत्तर लिहायला बसल्या: 'महोदय, मी माझ्या पतीविषयी लिहिलं आहे. कृपया खुणा देऊन लिहा.' अशी सतरा उत्तरं झाल्यावर त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"तिवा, मी इतकं वाईट लिहिते का गं? एकालाही कळू नये?"

"त्यांनी वाचलंच नाही, मावशी. नुसती पाटी बघून आत आले."

तेवढ्यात अठरावी प्रतिक्रिया आली. नाव नाही, फोटो नाही. तीनच शब्द, खूण एकही नाही: 'ओको वा निबी.' ओको इथे आहे.

"जमीन विकणारा असेल," तिवा म्हणाली. मग फोनकडे बघत, "नाहीतर गॅरेजवाला."

तिसरं काय असेल ते तिनं म्हटलं नाही. बाईंनी फोन पुन्हा हातात घेतला. त्यांनी सवयीनं सुरुवात केली: 'महोदय, कृपया खुणा...' आणि अंगठा थांबला. विचारलं तर उत्तर येईल: शेत. किंवा गाडी. मग पुन्हा सगळं होतं तिथेच. आणि तोच असला तर? सहा वर्षांनी त्यानं तोंड उघडलं, आणि बायको पुन्हा लाल पेन घेऊनच समोर. त्यांना स्वतःची लाज वाटली. साठीच्या दिवशी वाटायला हवी होती तेवढी.

त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं. नवीन ओळ लिहिली, भराभर, एकाही अक्षरावर अंगठा दाबून न धरता: 'निबो? मो न बो.' कुठे? मी येते.

तिवानं वाकून वाचलं आणि दचकून मावशीकडे पाहिलं.

"मावशी, टिंब राहिलं. हे 'मी सोलतेय' असंही वाचतील."

"वाचू दे. कळायचं त्याला कळेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती ओळ तशीच पाठवली.