दणक्यात स्वागत

"नव्या प्रमुखांचं स्वागत अगदी दणक्यात करा हं," असं मुख्यालयातून मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं, आणि काकूंच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती आठवडा झाला तरी खाली उतरायचं नाव घेईना. ऑफिसातली किटली त्या नुसत्या हातात धरत आणि पाणी उकळे, असं ड्रायव्हरमामा सांगतात. मामांचं सोडून द्या, पण त्या आठवड्यात चहा झटपट होत होता हे खरं.

देशोदेशीच्या तरुण मुलामुलींना एकत्र आणून छावण्या भरवणारी ही संघटना. काकू हे काही त्यांचं नाव नव्हे. पहिल्या छावणीतल्या पोरांनी लावलेलं ते शेपूट, पुढे सगळ्या खंडांत पोचलं. जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा याच मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "तात्पुरतं सांभाळा, खुर्ची तुमचीच समजा." काकूंनी समजली. घरच्यांनी समजली. सासूबाईंनी तर गल्लीभर सांगून टाकली. दोन वर्षं काकूंनी दोन माणसांचं काम एका पगारात ओढलं, पण त्या खुर्चीत एकदाही टेकल्या नाहीत. हुकूम आला की बसू, म्हणाल्या. आला तो हुकूम नव्हे, माणूस आला.

स्वागताच्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, राग गिळून टाक."

"गिळून काय होतं रे?" सासूबाई आतून ओरडल्या. "तुझ्या बापानं जन्मभर गिळला, शेवटी पित्ताशय काढावं लागलं. तू जा गं. आणि येताना काहीतरी घेऊन ये. पेढे नकोत, उत्तर आण."

सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दोऱ्यांवर झेंडे लावले होते, जमिनीवर व्यायामाच्या निळ्या गाद्या. भिंतीवरच्या पडद्यावर मोठ्या बाई, मुख्यालयातून थेट, पाठीमागे कुंडी. नवे दोघंच: प्रमुख, आणि छावण्यांचं काम बघायला आलेली एक हडकुळी मुलगी. प्रमुखांनी नवाकोरा कोट घातला होता. आल्या आल्या म्हणाले, "तुम्हीच काकू ना?"

"मुलं म्हणतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणायचं, ते ठरवा."

संघटनेची एक जुनी रीत होती. नव्या माणसानं पाठ करून उभं राहायचं, हात छातीशी, डोळे मिटून, आणि अंग ताठ ठेवून मागे पडायचं. सगळ्यांत जुन्या माणसानं झेलायचं. म्हणजे विश्वास बसतो म्हणे. मागे एक धिप्पाड खजिनदार पडले तेव्हा खालच्या सायकलवाल्यानं भूकंप समजून सगळ्या सायकली रस्त्यावर काढल्या होत्या. पण काकूंनी खजिनदारांना जमीन लागू दिली नव्हती. पोरांच्या बॅगा उचलून उचलून काकूंचे दंड असे झाले होते की कुस्तीगिरानं नमस्कार करून बाजूला व्हावं.

मुलगी आधी पडली. काकूंनी तिला अलगद झेललं, उभी केली, ओढणी नीट करून दिली. "ये गं बाई," म्हणाल्या. तिच्यावर राग नव्हताच.

मग प्रमुख. डोळे मिटून, "येतो हं!" म्हणत ते मागे कलले. काकूंनी काखांत हात घालून झेललं. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या. प्रमुख तसेच. टाचा गाद्यांवर, पाठ अधांतरी, कोटाची बटणं छताकडे.

"उठवा ना आता," ते हसून म्हणाले.

"उठवते की. एक सांगा आधी. ही जागा मला कबूल केलेली होती. तुम्हाला माहीत होतं?"

"काकू, हे... आपण नंतर बोलू या का?"

"मला घाई नाही. हात पण दुखत नाहीत."

"खाली तरी ठेवा!"

"विश्वास आहे ना माझ्यावर? आत्ताच तर टाळ्या वाजल्या."

मामांनी पडद्याची केबल हातात धरून तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. पडद्यावर मोठ्या बाई टाळ्यांच्या पवित्र्यातच गोठल्या होत्या.

"माहीत होतं," प्रमुख शेवटी म्हणाले. घाम कानामागे उतरत होता. "मुलाखतीत मोठ्या बाईंनीच सांगितलं. तिथे एक बाई आहेत, सगळं काम त्याच करतात, तुम्ही फक्त भाषणं करा. मी विचारलं, त्यांना राग नाही का येणार? तर म्हणाल्या..."

"काय म्हणाल्या?"

"येऊ दे. ती कुठे जायची नाही."

काकूंचे हात एकदम वीतभर खाली आले आणि प्रमुखांच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. पण सोडणं काकूंच्या हातांना येत नव्हतं. त्यांनी प्रमुखांना हलकेच गादीवर निजवलं, झोपलेल्या पोराला निजवावं तसं, आणि पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, दोन वर्षं विचारलं नाही, आज विचारते. जागा माझी का नाही?"

"अगं, किती छान झालं स्वागत!" मोठ्या बाई म्हणाल्या. "या विषयावर आपण सवडीनं..."

"सवड माझ्या दोन वर्षांतून काढलीत तुम्ही. आत्ता सांगा."

मोठ्या बाईंचा हात पुढे येताना सगळ्यांनी पाहिला. बोट मोठं मोठं होत गेलं, आणि पडदा काळा झाला.

"नेटवर्क," प्रमुख गादीवरून पुटपुटले आणि उठू लागले.

"नेटवर्कला नखं रंगवलेली असतात का?" ती हडकुळी मुलगी म्हणाली. पहिल्याच दिवशी! काकूंनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि मनातल्या मनात तिला कायम करून टाकलं.

"तुम्ही लावा फोन," काकू प्रमुखांना म्हणाल्या. "तुमचा उचलतील."

"लावतो. बसून लावू का?"

"पडूनच लावा. स्पीकर चालू ठेवून."

त्यांनी निजल्या निजल्या फोन लावला आणि छातीवर ठेवला. रिंग वाजत राहिली. त्यांच्या श्वासाबरोबर फोन वर-खाली होत होता. मग उचलला गेला, आणि मोठ्या बाईंचा दबका, वैतागलेला आवाज हॉलभर झाला:

"हं, बोला. गेली का ती?"

काकू गुडघ्यांवर बसल्या आणि फोनवर वाकल्या.

"नाही, बाई. मी कुठे जायची नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना? आता तुम्हीही कुठे जाऊ नका. बोला."