अडीचकी

डोक्यावरून चाकं घरंगळत गेली तसा सुताराच्या हातातला पाना जागीच थांबला. खडखड वर चढली, लोखंडी कडेवर टक्क झालं आणि मग शांतता. त्यानं ओठांतल्या ओठांत मोजलं. एक, दोन, अडीच. मग धप्प. आधी गुडघे, आणि स्केटबोर्ड कुठेतरी लांब जाऊन आपटला.

“भिंगरीचा दहावा प्रयत्न,” निवेदक माइकवर म्हणाला. “माझ्या हातांची बोटं संपली. आता बूट काढतो.”

लोक हसले. रॅम्पखालच्या तिरप्या खांबांच्या गर्दीत सुतार मात्र हसला नाही.

रॅम्प त्यानंच बांधलेला. स्पर्धेच्या दिवशी बोल्ट बघायला कुणीतरी खाली हवं, असं तो सांगायचा आणि सगळे मान डोलवायचे. लेक हवेत असताना या माणसाला वर बघवत नाही, हे झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

नऊशे अंशांची गिरकी. दोन पूर्ण आणि वर अर्धी, म्हणजे तोंड पुन्हा उताराकडे येतं. तो तिला अडीचकी म्हणायचा. इथल्या स्पर्धेत अजून कुणाला ती जमली नव्हती. गेल्या वर्षी भिंगरीनं ती जवळजवळ आणलीच होती, पण गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढे दीड महिना सुतारच तिची वेणी घालत होता, वाकडीतिकडी.

ती वाकून आत आली. घामानं निथळत, हेल्मेट काखेत.

“पाणी आहे?”

त्यानं बाटली पुढे केली.

“काय ऐकू आलं, बाबा?”

हे ती नेहमी विचारायची. नुसत्या आवाजावरून चूक सांगणारा दुसरा कुणी नव्हता. सुतारानं पाना पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“गिरकी पुरी होतेय. दहाही वेळा झाली.”

“मग?”

“बोर्ड तू सोडतेस. टेकायच्या आधीच लाथाडतेस त्याला.”

ती झाकण फिरवत राहिली.

“खांदा दुखतोय?”

“नाही.”

“घाबरतेस?”

“पडायला नाही घाबरत.” तिनं झाकण घट्ट बसवलं. “हाड मोडलं त्या दिवशी तुम्ही खालून धावत आलात ना, तेव्हाचं तुमचं तोंड. वर गेले की तेच दिसतं. मग वाटतं, गुडघ्यांवर घसरावं. निदान ओळखीचा आवाज जाईल तुमच्या कानावर.”

वरून कुणाची तरी चाकं गेली. लाकडाचा बारीक भुसा दोघांच्या अंगावर पडला. तिच्या खांद्यावरचा त्यानं बोटांनी हळूच झटकला.

“किती वेळ उरलाय?”

“सहा मिनिटं.”

“सरक मग. मला आधी निघू दे. गुडघे धरलेत, वर चढायला तुझे गुडघ्याचे पॅड मलाच लागणार.”

वर कडेपाशी बाकीच्या खेळाडूंनी सरकून त्याला जागा दिली.

भिंगरी उतरली, समोरच्या उतारावर चढली, परत आली आणि कडेच्या कितीतरी वर गेली. ती एवढी उंच जाते हे आवाजावरून त्याला कधी कळलंच नव्हतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. एक. दोन. अडीच. पाय बोर्डवरच होते. चाकं उताराला टेकली, क्षणभर धरली आणि बोर्ड पुढे निसटला. ती पाठीवर आपटली आणि तळापर्यंत घसरत गेली.

तिनं पडल्यापडल्याच मान वळवली आणि आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

सुतारानं कठडा घट्ट धरला होता.

“ही खरी,” तो म्हणाला. “मागचा पाय दोन बोटं आत ठेव.”

निवेदकानं घड्याळ पाहून तीन मिनिटं राहिल्याचं सांगितलं. भिंगरी उठली, बोर्ड उचलून जिन्याकडे धावली. सुतार तिथेच राहिला. फक्त तिच्या वाटेतून एक पाऊल बाजूला सरकून उभा राहिला.