तानीबाईच्या समुद्रगोगलगायी

बेळगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तानीबाई कांबळेला कामाला लागून बारा वर्षं झाली होती. बेडकं धरून देणं, बरण्यांतलं फॉर्मलिन बदलणं, पोरांनी चिरून ठेवलेलं उचलून टेबलं धुणं, हे तिचं काम. बाराही वर्षं मेलेल्या जिवांत गेली. जिवंत काही त्या खोलीत टिकतच नसे.

मारुतीराव विभागप्रमुख. दर डिसेंबरात ते पोरांची सहल कारवारला न्यायचे आणि येताना बरणीतून समुद्रगोगलगायी आणायचे. या गोगलगायींच्या पाठीवर शंख नसतो. हिरव्यागार, बोटाच्या पेराएवढ्या, अंगाच्या दोन्ही कडा वर दुमडून बसल्या की थेट कोवळं पान. मारुतीराव त्यांना माशांचं खाणं टाकायचे, उकडलेल्या अंड्याचा चुरा टाकायचे. पाणी नासायचं. पाचव्या दिवशी तानीबाई त्यांना बाटलीत भरून वर चिठ्ठी डकवायची.

"समुद्राचा जीव इकडं जगत नाही," एवढं म्हणून सर मोकळे.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात मात्र तिचं डोकं चालायला लागलं. बरणीत गोगलगायींबरोबर एक दगड आला होता, त्यावर पिसासारखं बारीक हिरवं शेवाळ. नऊच्या नऊ गोगलगायी त्या दगडाला चिकटल्या होत्या. अंड्याच्या चुऱ्याकडे एकही फिरकली नव्हती. जिथं त्या बसल्या होत्या तिथलं शेवाळ पांढरं पडलेलं तिनं पाहिलं. चावलेलं नव्हतं, शोषलेलं होतं.

"सर, त्या शेवाळ खात्यात वाटतं," ती म्हणाली.

"तू टेबल पूस," मारुतीराव म्हणाले.

तिनं टेबल पुसलं. संध्याकाळी, पाणी नासलंय, गोगलगायी फेकून दे, असं सर म्हणाले तेव्हा तिनं त्या डब्यात घालून घरी नेल्या.

म्युझियममधली एक काचेची पेटी गळते म्हणून मागच्या व्हरांड्यात टाकून दिली होती. तीही तिनं मागून घेतली. नवरा मायाप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत होता. त्यानं पेटीच्या फटीत लांबी भरली, आठ दिवस पाणी बदलबदलून भिजत ठेवली आणि खिडकीशी मांडून दिली. तोवर गोगलगायी धुण्याच्या प्लास्टिकच्या टबात होत्या. मायाप्पा त्यांना 'पानं' म्हणायचा. तिचा भाऊ सत्याप्पा कारवार-बेळगाव मासळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याला तिनं समुद्राचं पाणी आणि शेवाळाचे दगड आणायला सांगितलं.

"आक्का, लोकं मासळी मागत्यात. तू दगडं मागतीस," तो हसला. पण त्यानं आणलं.

पहिल्या खेपेचं पाणी तिनं पितळेच्या घागरीत भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीत ओतलं. दुपारपर्यंत दोन गोगलगायी उलट्या होऊन पडल्या. पितळेनं पाणी विषारी झालं हे उमगल्यावर तिनं घागर अंगणात भिरकावली आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारीण विचारायला आली. तेव्हापासून फक्त प्लास्टिकचे कॅन. पाणी उन्हानं आटलं की मीठ वाढतं, म्हणून काचेवर रेघ मारून रोज आडाचं गोडं पाणी त्या रेघेपर्यंत. नळाचं नाही, त्याला औषधाचा वास. हवा सोडायचा छोटा पंप होता. करंट गेला की ती लाकडी पळीनं पाणी ढवळत बसायची. शेवाळ वेगळ्या टबात, अंगणातल्या उन्हात वाढवायचं. पेटीतला दगड पांढरा पडला की तो टबात आणि टबातला हिरवा दगड पेटीत. एवढं कळायला तिला दीड महिना लागला.

फेब्रुवारीत गोगलगायींनी काचेवर अंडी घातली. पांढरी, बारीक फितीसारखी, गोल गोल गुंडाळलेली. त्या दिवशी तिनं ही गोष्ट लॅबमध्ये सांगितली. तिथंच तिची चूक झाली.

मारुतीराव कॅमेरा घेऊन घरी आले. चप्पल न काढता उंबऱ्यातून आत बघितलं, मग आत आले. तानीबाईनं चहा टाकला.

"चहा नको. आत्ताच झालाय," ते म्हणाले. तिनं पाणी पुढं केलं. तेही नको होतं. बोरगावातल्या म्हारवाड्यात वाढलेल्या बाईला हे 'नको' नवीन नव्हतं, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे गेलेली त्यांची नजरही तिनं टिपली. तरी तिनं गोगलगाय दाखवायला दगड उचलून धरला.

"हात बाजूला घे. फोटोत येतोय."

पंधरा दिवसांनी फोटो पेपरात आला. समुद्रापासून इतक्या लांब समुद्रगोगलगायी जगवण्याचा प्राध्यापक मारुतीराव यांचा यशस्वी प्रयोग. खाली त्यांच्या अविरत परिश्रमांबद्दल चार ओळी. मायाप्पानं बातमी मोठ्यानं वाचली आणि शेवटाला त्याचा आवाज बारीक होत गेला.

दुसऱ्याच दिवशी सरांचा निरोप घेऊन कॉलेजची गाडी दारात. पेटी कॉलेजची, बंगळूरहून एक मोठ्या शास्त्रज्ञ बाई प्रयोग बघायला येणार आहेत, पेटी लॅबमध्ये पाहिजे. अर्धं पाणी काढून दोन गड्यांनी पेटी उचलली. अंगणातला टब कुणी बघितला नाही. खाणं काय, कुणी विचारलं नाही. तानीबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं दात आवळले. घाला म्हणावं त्यांना तुमचा पेपर खायला.

लॅबमध्ये पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. आतल्या दगडावरचं शेवाळ चार दिवसांत संपलं. तानीबाई रोज त्या टेबलावरून फडकं फिरवायची. गोगलगायी आक्रसत चालल्या होत्या. पेराएवढ्या होत्या त्या नखाएवढ्या झाल्या, हिरव्याच्या पिवळट झाल्या. काचेवर इकडून तिकडे नुसत्या हिंडत होत्या. मारुतीराव अंड्याचा चुरा टाकत होते.

दहाव्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

"अगं, तू ह्यांना काय घालत होतीस?"

"मी? पेपरात छापलंय की सर. तुमीच जगवलायसा न्हवं?"

"तानीबाई, परवा पाहुण्या येतायत. मेमो देईन."

"द्या."

ती घरी आली ती धुमसतच. भाकऱ्या थापताना परात आपटली. मायाप्पा म्हणाला, "तुझं भांडान त्या मानसाशी हाय न्हवं? मग ती पानं कशापायी मरत्यात?"

"तुमी गप बसा."

"बसतो. पर त्यास्नी पेपर वाचाय येत न्हाय."

तिला नवऱ्याचा इतका राग आला की ती जेवली नाही. तो बरोबर बोलला होता म्हणूनच आला. आपण उपाशी ठेवून मारतोय, मारुतीराव मारत होता तसंच, हे तिला दहा दिवस ठाऊक होतं.

पाहुण्या यायच्या सकाळी ती शेवाळाचा दगड डब्यात घालून लॅबला गेली. तोवर दोन मेल्या होत्या. तिनं दगड पाण्यात सोडला. उरलेल्या पाच त्याच्याकडे निघाल्या, अगदी सावकाश, आणि पहिली दगडाला टेकली तेव्हा तानीबाईला हुंदका आला. मारुतीराव मागून बघत होते.

"हां! हे शेवाळ!" ते वही काढून लिहायला लागले.

अकरा वाजता पाहुण्या आल्या. पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या. मारुतीरावांनी शेवाळाचा शोध आपल्याला कसा लागला ते सांगितलं. बाईंनी विचारलं, पाणी कुठलं घालता? शेवाळ कुठं वाढवता? मारुतीराव अडखळले आणि इंग्रजीतून लांबड लावायला लागले. बाईंची नजर पेटीचं झाकण धरून उभ्या असलेल्या तानीबाईकडे गेली. त्यांनी कन्नडमधून तेच विचारलं. तानीबाईनं कन्नडमधून सांगितलं, आडाचं पाणी, उन्हातला टब, पितळ नको.

मारुतीराव हसले. "आमची अटेंडंट. मीच शिकवलंय सगळं तिला."

तानीबाईनं झाकण टेबलावर आदळलं.

"खोटं बोलू नगा सर! ही सात हुती. तुमी दोन मारलासा. आन दोन न्हाय, बारा वर्सं मारतायसा, आन मी बाटल्या भरत्या. माझ्या घरचं पानी चाललं न्हाय तुमास्नी, माझ्या घरची गोगलगाय चालती व्हय?"

दारात पोरं जमली होती. तिनं डब्यात पेटीतलं पाणी घेतलं, गोगलगायींसकट दगड उचलून आत ठेवला, काचेवरची शेवटची गोगलगाय चमच्यानं अलगद सोडवली.

"पेटी कॉलेजची हाय. ठिवा."

"चोरीची तक्रार करीन!"

"करा. काय चोरलं ते लिवा, आन ते कुनाचं हुतं ते बी लिवा."

ती डबा घेऊन भर दुपारी चालत घरी गेली. पाहुण्या बाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. त्या मारुतीरावांच्या केबिनमध्ये बसल्या, चहा प्याल्या आणि गाडीनं गेल्या. हे तिला नंतर शिपायानं सांगितलं.

चोरीची तक्रार झाली नाही, मेमो आला. माफी लिहून द्या, असं त्यात होतं. तिनं दिली नाही. तिला वनस्पतिशास्त्राकडे हलवलं आणि एक बढती चुकली. मारुतीरावांचा लेख दोन वर्षांनी छापून आला. त्यात शेवाळ होतं, उन्हातला टब होता, आडाचं पाणीसुद्धा होतं. नाव एकच.

पाच गोगलगायी घरच्या धुण्याच्या टबात पुन्हा हिरव्या झाल्या आणि आषाढापर्यंत एकेक करत वयानं गेल्या. अंड्यांतून काही निघालेलं तिला कधी दिसलं नाही. पुढच्या थंडीत सत्याप्पानं नवीन आणून दिल्या.

लेख आला त्याच वर्षी बंगळूरहून पत्र आलं. गोगलगायी पाळणाऱ्या तानीबाईंना, असा पत्ता होता. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं होतं, तुम्ही शेवाळ कसं वाढवता ते मला सविस्तर कळवाल का? मी तुमच्या नावानं छापीन.

"लिव की गं," मायाप्पा म्हणाला. "नाव छापनार म्हनत्यात."

"त्या दिवशी समोर हुती की ती. सगळं दिसत हुतं तिला. तवा तोंड शिवलं हुतं, आन आता माझं नाव आठवलं?"

तिनं पत्र घडी करून परत पाकिटात घातलं. उत्तर पाठवलं नाही, आणि ते पाठवायला हवं होतं असं तिला पुढंही कधी वाटलं नाही. गोगलगायींच्या टबातला दगड पांढरा पडला होता. ती अंगणातल्या शेवाळाच्या टबाकडे गेली.