कुंदाबाईचा "तू"

पहिला दांडका मी घातला. कौतिकनाना म्हणतो त्यानं घातला, कारण घरातलं सगळं पहिलं मोठ्या भावानंच केलेलं असावं लागतं. पण पहिला माझा. मागून, डोक्यावर. तो कोणाच्या डोक्यावर बसला हे सांगायच्या आधी शालिग्रामच्या फोनचं सांगायला पाहिजे.

पंच्याण्णव साली आमच्या गावात, दोंडाईच्यापासून दोन कोसांवर, शालिग्रामनं एसटीडी-पीसीओ टाकला. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक माणूस मावेल एवढी प्लायवूडची केबिन. निम्म्या गावाची माणसं सुरतेला कापडाच्या लूमवर, म्हणून दारात बायकांची रांग. "दार लाव आणि मोकळं बोल, बाहेर काही ऐकू येत नही," असं तो प्रत्येकीला सांगायचा. खोटं नव्हतं. बाहेर काही येत नव्हतं. फोनच्या फळीखाली भोक पाडून त्यानं टेपरेकॉर्डर बसवला होता, सगळं त्यात जायचं. पलीकडचा काय बोलला ते टेपला ऐकू जायचं नाही. फक्त आतल्या बाईचं बोलणं, आणि मधेमधे गप्प. त्या गप्पमध्ये काय असेल ते दुकानाच्या ओट्यावरची मंडळी स्वतःच्या मनानं घालायची.

दुपारी चार टाळकी जमायची आणि कॅसेट लागायची. कोणाच्या सुनेला दिवस गेले, झुलालची बायको माहेरी फोन करून काय रडली. आम्ही पोट धरून हसायचो. मी रोज जायचो. मला कोणी ओढून नेलं नव्हतं.

पौषातल्या एका दुपारी शालिग्रामनं मला हाक मारली. "निंबा, हाई ऐकी ले. नानाले बी बलाव."

आवाज आमच्या कुंदावहिनीचा होता. मधला भाऊ हिलालदादा सुरतेला, त्याची ही बायको. ती आमच्यातच राहायची, नानाच्या आणि आमच्या आईच्या, ताईबाईच्या, हाताखाली.

"तू ये. माले लई जा. आते आठे नही राहनं माले." गप्प. "नही, नानाले सांगू नको. कोनलेच नको." गप्प. मग ती हसली. तसं हसणं आमच्या घरात मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. "दाढी करी ये. टोचस." पुन्हा गप्प. "गुरवारले सकायनी गाडी. मी दोंडाईचाले टेसनवर उभी राहसू."

शालिग्रामनं कॅसेट मागं घेतली आणि 'टोचस' तीनदा वाजवलं.

मी म्हटलं, "हिलालदादाच राही, दुसरा कोन?"

"येडा शे का तू?" नाना म्हणाला. "दादलाले 'तू' कोन म्हनस?"

"नंबर सुरतना शे, पन हिलाल ज्या पानवालाकडे फोन लेस तो हाऊ नही," शालिग्रामनं भर घातली.

मग मलाही पटलं. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि 'तू' तर नाहीच नाही. कुंदावहिनी आमच्यासमोर दादाशी 'तुम्ही' म्हणूनसुद्धा बोलायची नाही. भिंतीकडं बघून म्हणायची, "ताट वाढलंय म्हणावं." त्या बाईच्या तोंडात 'तू' म्हणजे यार. दुसरा हिशेबच नव्हता. ताईबाईलाही आणून ऐकवलं. ती पदर पुढं ओढून उभी राहिली. "तू म्हनी राहिनी?" एवढंच बोलली आणि घरी गेली.

चार दिवस कोणी तिला काही विचारलं नाही. नानाचा हुकूम होता, दोघं एकत्र सापडू दे. तिनं थापलेली कळण्याची भाकरी आम्ही तिच्यासमोर बसून खाल्ली. एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. पण विचारायचं कशाला? टेपनं सांगितलं होतं. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, असं आम्हाला वाटायचं.

गुरुवारी ती पिंपळनेरला माहेरी जाते म्हणून निघाली. नाना आणि मी राजदूतवर आधीच स्टेशन गाठलं. पोत्यात कुऱ्हाडीचे दोन दांडे. धुकं होतं. पॅसेंजर आली, एक माणूस उतरला, डोक्याला-तोंडाला मफलर गुंडाळलेला. तो थेट तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. ती हसली. कॅसेटमधलंच हसणं. मी मागून धावलो आणि घातला.

हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तो गुडघ्यावर बसला. नानानं जबड्यावर घातला, मग मी पाठीत, मग नानानं पुन्हा डोक्यावर. कुंदावहिनी त्याच्या अंगावर पडली. नानानं तिला केसाला धरून फरफटत बाजूला काढलं.

"मन्हा मालक शेतस," ती ओरडत होती. "मन्हा मालक शेतस, नाना."

"मालकले 'तू' म्हनस का, रांड?" नाना म्हणाला आणि दांड्याचं टोक तिच्या तोंडावर मारलं. दोन दात फरशीवर पडले. तिनं ते बघितलेही नाहीत. रक्त थुंकत ती आजवर कधी न घेतलेलं नाव घेऊन ओरडायला लागली. "हिलाल, ऊठ. ऊठ ना रे हिलाल."

मफलर सुटला होता. माझ्या हातातला दांडा गळून पडला. नानानंही बघितलं, पण त्याचा हात वर गेला होता, तो खाली आलाच.

दादानं सुरतेजवळ उधन्याला खोली घेतली होती. नाना तिला पाठवणार नाही हे त्याला माहीत होतं. घरी आलेली पत्रं नाना फोडतो हेही माहीत होतं, म्हणून त्यानं दिवाळीला आला तेव्हा नवा नंबर तिला तोंडी पाठ करून दिला. आमच्या घरात एक खोली आणि सात माणसं. 'तू' ती त्याला कुठं म्हणणार? उभ्या बाजरीत म्हणत असेल. आणि मग त्या केबिनमध्ये म्हणाली, कारण दार लावलं की बाहेर ऐकू येत नाही असं तिला सांगितलं होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात दादा बावीस दिवसांनी शुद्धीवर आला. उजवं अंग गेलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज. ती चमच्यानं पेज भरवायची आणि हनुवटीवरून ओघळलेली पदरानं पुसायची. मी दारात गेलो तर माझ्याकडं पाठ करायची. पोलिसांत तिनं आमची दोघांची नावं लिहून दिली. बरोबर केलं.

जामिनावर सुटलो त्या दिवशी मी शालिग्रामकडं गेलो. त्याला केबिनपर्यंत ओढला, त्याचा हात चौकटीत धरला आणि दार लावलं. मग उघडलं आणि पुन्हा लावलं. तीन बोटं मोडली. "मी काय मारं का तुन्हा भाऊले?" तो रडत विचारत होता. त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर भोक दाखवावं लागलं असतं.

खटला धुळ्याला उभा राहिला. आमचा वकील हुशार होता. कॅसेट नानानं शालिग्रामकडून आधीच आणून ठेवली होती. ती कोर्टात वाजवायची, म्हणजे भावांनी घराण्याच्या अब्रूसाठी गैरसमजातून हात उचलला हे दिसेल आणि शिक्षा उतरेल, असा त्याचा डाव. गावाला कळलं. एक टेम्पो भरून माणसं ऐकायला आली, पहिल्या बाकावर शालिग्राम, मोडलेली बोटं वाकडी जुळलेली.

कुंदावहिनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी. दादा बाकावर, भिंतीला टेकवून बसवलेला. वकिलानं टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, वायर लावली, कॅसेट घातली. मागची माणसं पुढं सरकली. कोणीतरी हळूच म्हणालं, "टोचस." हसू फुटलं.

"थांबा," ती म्हणाली.

वकिलाचं बोट बटणावर थांबलं.

"मालक गाडीमाईन पडनात. कोनी मारं नही."

न्यायाधीशांनी कागद चाळले. "तुम्ही तर दिरांची नावं दिली आहेत."

"चुकी गयी मन्ही."

"आणि तुमचे दात?"

"मी बी पडनू."

"कोणाचं दडपण आहे का तुमच्यावर?"

तिनं मागच्या बाकांकडं बघितलं, एकेका तोंडाकडं. "नही," ती म्हणाली. "ती कॅसेट तेवढी माले द्या."

वकील म्हणाला, ती फिर्यादीची वस्तू नाही, अजून दाखलही झालेली नाही. त्यानं ती काढून नानाला परत दिली. नानानं खिशात घातली.

पुढच्या तारखेला आम्ही दोघं भाऊ सुटलो. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती दादाला काखेत धरून एकेक पायरी उतरत होती. शालिग्रामनं त्या कॅसेटच्या आणखी तीन प्रती काढून वाटल्या होत्या. हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही.