ज्येष्ठांच्या दिवसाचा गृहपाठ

बाई स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला दिवा बदलत होत्या तेव्हा दाराची बेल वाजली. रविवारी दुपारी त्यांच्याकडे कुणी येत नसे. गुडघ्याला सांभाळत त्या खाली उतरल्या आणि जुना दिवा हातात तसाच धरून त्यांनी दार उघडलं. बाहेर नववीतली घुमी उभी होती. हे नाव वर्गाने ठेवलेलं. मुलगी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल, तीही हजेरी धरून.

"इकडून जात होते, बाई," ती म्हणाली. "पाणी मिळेल?"

बाईंना आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते वाक्य त्यांनीच शिकवलेलं होतं.

बाई शाळेत मूल्यशिक्षण शिकवत. फळ्यावर 'प्रामाणिकपणा' असं लिहिलं की अर्धा वर्ग पेंगतो, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं होतं. म्हणून त्यांनी कॅलेंडर हाताशी धरलं. मैत्री दिन आला की ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी बोलून यायचं, शांतता दिनाला घरात आवाज चढवायचा नाही. शिक्षक दिन तेवढा त्या गाळत; आपलीच टिमकी आपण काय वाजवायची. लेखी काही नसे, कारण लेखी म्हटलं की एकाचं बघून सगळे उतरवतात. सोमवारी उभं राहून सांगायचं, एवढंच.

या आठवड्यात ज्येष्ठांचा दिवस होता. एकट्या राहणाऱ्या कुणा वयस्कर माणसाकडे जाऊन थोडा वेळ बसायचं, पण हा गृहपाठ आहे हे त्याला कळता कामा नये. कळलं की शून्य. दया करायला गेलात तर त्या माणसाचा दिवस वाया, असं बाईंनी बजावलं होतं. त्यापेक्षा गेल्या गेल्या काहीतरी मागा, पाणी मागा, म्हणजे त्याला उठायला निमित्त मिळतं. फोन बाहेर काढायचा नाही. आणि निघताना 'पुन्हा येईन' असं उगाच म्हणायचं नाही. येणार असाल तरच म्हणा.

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर समोरच्या इमारतीतले वाकलेले आजोबा होते. त्या स्वतः नव्हत्या. निवृत्तीला अवकाश होता, केस वेळच्या वेळी रंगवलेले होते. ताई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं, हे खरं. दोघी बहिणींनी लग्नं केली नाहीत, जन्मभर एकमेकींशी भांडत एकत्र राहिल्या. स्टूल ताई धरायची आणि धरल्या धरल्या कुरकुरायची, की पडशील आणि मला निस्तरायला लावशील. शाळेत कुणी चौकशी केली की बाई 'सुटसुटीत आहे' म्हणत आणि विषय बदलत.

आता या एवढ्याशा पोरीने आपल्याला हेरलं, याचा त्यांना भयंकर राग आला. तरी त्यांनी पाणी दिलं. घुमीने ग्लास रिकामा केला, वरच्या मोकळ्या होल्डरकडे पाहिलं आणि स्टूल धरते म्हणाली. नको हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण त्या नवा दिवा घेऊन वर चढल्या.

मग दोघी टेबलाशी बसल्या. बाई परीक्षा घेत असल्यासारख्या मुलीकडे पाहत होत्या. फोन निघाला नाही, नजर घड्याळाकडे गेली नाही. कोपऱ्यातला शब्दकोड्यांचा गठ्ठा कुणाचा, असं तिने विचारलं. ताईचा, बाई म्हणाल्या. ताई शब्दकोडं कायम शाईच्या पेनाने सोडवायची, चुकलं की खाडाखोड करायची आणि वर कोडं घालणाऱ्यालाच अक्कल नाही म्हणायची. घुमी खुदकन हसली. त्या हसण्यावर बाई बोलत सुटल्या. ताईचं बेसूर गुणगुणणं, तिचं घोरणं, तिचे शेवटचे हट्ट. इतके दिवस हे कुणी विचारलं नव्हतं. गुण द्यायचे राहून गेले आणि बाहेर संध्याकाळ झाली.

घुमी उठली. बाईंनी उगाचच ग्लास विसळायला घेतला. पुन्हा येईन, असं तिने म्हणावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. घुमीने चपला घातल्या.

"येते, बाई."

ते तर निघताना सगळेच म्हणतात. बाईंनी दार लावून घेतलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वर्ग भरला. एकाच्या आजोबांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली होती. एका मुलाने शेजारच्या काकूंचा पंखा पुसून दिला आणि नीट पुसला नाही म्हणून बोलणी खाल्ली. सगळे हसले, बाईही हसल्या. घुमीची पाळी जवळ येत चालली तशी त्या हजेरीपटाची पानं उगाचच उलटू लागल्या. आता भर वर्गात ही आपलं नाव घेणार. शाळा सुटेपर्यंत ते सगळीकडे पसरणार आणि उद्यापासून शिक्षकांच्या खोलीत आपल्याशी जरा हळू आवाजात बोललं जाणार.

घुमी उभी राहिली.

"मी केला नाही, बाई."

वर्गात खसखस पिकली.

"का?"

"एकटं असं कुणी सापडलंच नाही."

ती बाकाकडे बघत उभी होती. कान लाल झाले होते. शून्य पडणार, हे तिला ठाऊक होतं. 'बस खाली' एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. बाईंना ते दोन शब्द काही केल्या म्हणवेनात.

"नीट शोधलं नसशील," शेवटी त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी पुन्हा कर."

घुमीने पहिल्यांदाच मान वर केली.

"कुणाकडे?"

"माझ्याकडे ये," बाई म्हणाल्या. "मी एकटीच असते."